उसने केस

१८ फेब्रुवारी

ही डायरी माझ्या लेकाला, शालीकरामला, पतसंस्थेतून मिळाली होती, कोरीच पडून होती. माझा हात काही लिहिण्यातला नाही. अक्षरं मी एस.टी.च्या पाट्या वाचत वाचत शिकले, त्यामुळे गावांची नावं बरोबर येतात, बाकीचं चुकतमाकत. पण आज जे पाहिलं ते कुणाला सांगायची सोय नाही आणि पोटात ठेवलं तर पोट फुटेल, म्हणून लिहायला बसले.

सकाळी नूतन न्हाऊन अंगणात उन्हाला बसली होती. म्हटलं, नातीची वेणी घालून किती दिवस झाले, आण ती फणी. ती नको नको म्हणाली. मी ऐकते थोडीच. मागे बसले, ओले केस दोन्हीकडे सारले, आणि कानाच्या वर, जरा मागच्या अंगाला, पांढरी कातडी दिसली. पुरीएवढी. एकही केस नाही, जणू तिथे कधी उगवलाच नव्हता. तव्याला लागावा तसा माझा हात झटकन मागे आला. फणी पडली.

चाई. आमच्याकडे चाई म्हणतात याला.

नूतन वळून माझ्याकडे बघत राहिली. मग तिनेच फणी उचलली आणि म्हणाली, "आजी, काही दुखून नाही राहिलं मले." ती उठून आत गेली आणि बाहेर आली ती ओढणी डोक्याला बांधून.

एप्रिलमध्ये तिचं लग्न आहे, नवेगाव बांधच्या लोकेशशी. आणि लग्न ठरलंच मुळी केसांवर. दिवाळीनंतर पाहायला आले तेव्हा मुलाची आई, धुरपताबाई, चहाची कपबशी खाली ठेवून उठली, पोरीच्या मागे गेली आणि न विचारता तिची वेणी सोडली. केस पाटाखाली गेले. म्हणाली, "बाप्पा, हे केस होत का बांधाचं पानी?" नवेगावचा बांध म्हणजे नजर जाईल तिथवर तलाव. सगळे हसले आणि साखर वाटली.

आता त्या पाण्याला भोक पडलं आहे. दुपारचा भात ताटात तसाच राहिला.

२१ फेब्रुवारी

शालीकराम पोरीला घेऊन गोंदियाच्या कातडीच्या डॉक्टरांकडे जाऊन आला. औषध दिलं, बारीक सुया मारल्या. केस परत येतील, पण कधी ते सांगता येत नाही म्हणतात. कोणाला चार महिने, कोणाला वर्ष.

शालीकराम म्हणाला, माय, नवेगावले सांगून टाकू. सूनही त्याच्याच बाजूची. मी दोघांना समोर बसवलं आणि गळ्याची शपथ घातली, नवेगावला चकार शब्द नाही. केस पाहून केलेली सोयरीक केस नाहीत म्हटल्यावर टिकेल का? झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा लग्न लागू द्या, मग बघू.

नूतन शेजारीच बसली होती. माझ्या ताटाकडे बघत होती. "भात तं खाय," एवढंच म्हणाली. घास घशाखाली जात नाही तर मी काय करू. तिच्याकडे नजर गेली की डोळ्यांना धार लागते. म्हणून तिकडे बघतच नाही.

२ मार्च

नवेगावहून धुरपताबाईचा फोन. इकडचं तिकडचं झालं, मोहफुलं वेचायला सुरुवात झाली का वगैरे, आणि मग हळूच म्हणते, पोरीले उन्हात उघड्या डोक्यानं फिरू देऊ नका. मी विचारलं काऊन? तर म्हणे, काही नाही, ऊन वाढून राहिलं ना.

ऊन वाढून राहिलं. जसं काही नवेगावात ऊन नवीनच निघालं. हिच्याजवळ कोणी चुगली केली तर नाही? आमच्या गोरेगावचा बाजार आणि पितळेचं भांडं, दोन्ही वाजल्याशिवाय राहत नाहीत.

शेवटी विचारलं, "आजी, जेवल्या का तुम्ही?" सकाळचे अकरा वाजले होते. मी म्हटलं हो हो. माझ्या जेवणाशी हिचं काय अडलं आहे कळत नाही.

९ मार्च

लोकेश येऊन गेला. मुलगा लाख मोलाचा, खाली मान घालून बसतो. नूतनसाठी सुती ओढण्या घेऊन आला, मऊसूत, बिनकलाबतूच्या. लग्न ठरलेल्या पोरीला कोणी असल्या साध्या ओढण्या देतं? पण नूतन हरखून गेली. मी मनात म्हटलं, बरं झालं, लपवायला कामी येतील.

संध्याकाळी वाळवणाचं बघायला गच्चीवर गेले तर नूतनबाई फोन समोर धरून खिदळत बसलेली, ओढणी खांद्यावर, डोकं उघडं. मला पाहिलं आणि पटकन ओढणी वर. कोण होतं विचारलं तर मैत्रीण म्हणाली. काय जमाना आला आहे. मैत्रिणीला डोकं दाखवायचं आणि आजीपासून झाकायचं.

१७ मार्च

आज मी नळावर पडले. बादली उचलली आणि डोळ्यांपुढे काजवे. सुनेने आणि शेजारणीने उचलून आणलं. डॉक्टर म्हणाले, आजीबाई, उपाशी किती दिवस आहात? मी म्हटलं उपाशी कुठे, दोन घास खातेच की. त्यांनी डोळ्यांची पापणी ओढून पाहिली आणि शालीकरामला बाहेर नेऊन बोलले. नूतनही होती.

दुपारी ती माझ्या बाजेवर येऊन बसली. पाय दाबत दाबत म्हणाली, "आजी, केस विकत भेटतात."

मी म्हटलं, कसले, बाहुलीचे?

"माणसाचे. खरे. पट्टीले लावलेले राहतात. आपल्या केसात चिकटवाचे."

मी उठून बसले. गंगावन मला माहीत आहे, माझ्या सासूच्या काळी बायका अंबाड्यात घालत, काळ्या गोंड्यासारखं. पण माणसाचे केस, दुसऱ्या बाईच्या डोक्यावरचे, दुकानात मांडून ठेवलेले? हे ऐकून चक्कर यायची ती गेली, असं म्हटलं तरी चालेल.

"तसे लावले तं तू जेवशील का?" तिने विचारलं. मी म्हटलं, ते लावून दिसलं नाही तर पोटभर जेवेन. ती म्हणाली ठीक आहे, आपण जाऊ.

२२ मार्च

गोंदियाला जाऊन आले. जे पाहिलं त्याने अजून डोकं ताळ्यावर नाही.

बाजाराच्या मागच्या गल्लीत पिंकी नावाच्या मुलीचं पार्लर आहे. मुलगी लाघवी, बोलते सगळं हिंदीत. तिने पांढरा टॉवेल अंथरला आणि कपाटातून केसांचे जुडगे काढून मांडले, भाजीवाली मेथी मांडते तसे. काळे, तपकिरी, सरळ, कुरळे. सगळे बिनडोक्याचे.

एक जुडगा फार चमकत होता. मी तोच दाखवला. पिंकी हसली, म्हणाली, माँजी, ये तो प्लास्टिक है. त्यातला एक केस ओढून काडी लावली. आकसून त्याची गोळी झाली आणि टायर जळाल्याचा वास सुटला. मग दुसऱ्या जुडग्यातला एक केस जाळला. तो चुरचुरला, राख होऊन बोटावर पडला, आणि जो वास आला तो मी याआधी इतक्या जवळून एकदाच घेतला आहे, हे गेले तेव्हा. मी पदराने नाक दाबलं. पिंकी आनंदाने म्हणाली, देखा, ओरिजिनल. बाई गं, ओरिजिनल.

मग म्हणते, ये रेमी है. मला वाटलं रमी, पत्त्यांचा डाव, आता हा काय जुगार. तिने माझं बोट धरून केसावर वरून खाली फिरवलं. रेशीम. खालून वर फिरवलं तर किंचित खरखर. तेव्हा उमगलं. मासा असतो ना, डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला की गुळगुळीत, उलटा फिरवला की खवले लागतात. केसालाही खवले असतात. चांगल्या जुडग्यात सगळे केस एकाच दिशेने असतात, मुळाकडे मूळ, टोकाकडे टोक. उलटसुलट असले की एकमेकांत अडकून चार दिवसांत त्यांची सुतळी होते. मी म्हटलं, आणि आम्ही फणीतली गुंतवळ साठवून फेरीवाल्याला देतो, वाटी-चमचा घेतो, तिचं काय होतं? पिंकी म्हणाली, वोही उल्टा-सीधा माल, माँजी, वो भी कहीं न कहीं लगता है. माझे डोळे पांढरे व्हायचे बाकी राहिले. जन्मभर भिंतीच्या फटीत कोंबलेली माझी गुंतवळ कुठल्या बाईच्या डोक्यावर मिरवत असेल कोण जाणे.

रंग बघायला तिने आम्हाला दारात उजेडात नेलं. दुकानातल्या दिव्याखाली सगळंच काळं दिसतं. आणि रंग मुळाशी नाही, टोकाशी जुळवायचा, कारण पट्टीचे केस टोकाशीच आपल्या केसांत मिसळतात. नूतनची टोकं उन्हाने तांबूस झाली आहेत. तिसरा जुडगा असा जुळला की कुठले आपले आणि कुठले परके, सांगता येईना.

लावायचे लग्नाच्या तोंडावर. आपल्या केसांचा पातळ थर घ्यायचा, त्याला खालून एक आणि वरून एक चिकट पट्टी, पाटोडीत सारण दाबावं तसं. चाईच्या कडेचे केस ओढून पाहून पिंकी म्हणाली, हे नाजूक आहेत, यांना हात लावणार नाही, दूरच्या पक्क्या केसांना लावू, ते वरून झाकतील. आणि आधी डॉक्टरांना विचारून या. मुलगी नेक आहे.

तो जुडगा विकत घेऊन निघताना मी विचारलंच, हे कुणाचे? ती म्हणाली, दक्षिणेकडच्या देवळांतून येतात म्हणतात. "किसी ने मन्नत मांगी होगी, माँजी."

आम्ही नवसाची माणसं नाही. पण कोणा आईने लेकरू वाचावं म्हणून एवढे केस दिले असतील तर? ते लेकरू वाचलं का?

एक गोष्ट लिहायची राहिली. आरशापुढे नूतनच्या खांद्यावर केस धरून पाहत होतो तेव्हा ती स्वतःकडे बघतच नव्हती. आरशातून माझ्याकडे बघत होती. "तुले पसंत आहे ना, आजी?" म्हणाली. लाजली असेल.

२६ मार्च

घात केला मी. माझ्याच हाताने.

केस घरात आल्यापासून मला ते दुसऱ्या बाईचं दुःख मनातून जाईना. म्हटलं आपल्या पोरीच्या डोक्यावर चढायच्या आधी धुवून काढू, जे काही असेल ते पाण्यात जाईल. नूतन गोंदियाला तिच्या कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायला गेली होती. मी रिठे उकळले, परातीत केस घातले आणि आपण आपले केस चोळतो तसे दोन्ही तळहातांत घेऊन गोल गोल चोळले. भरपूर फेस आला. मला बरं वाटलं.

पाण्यातून काढले तर हातात पक्ष्याचं घरटं. सुटेचना. जितकं ओढावं तितकी गाठ पक्की. सून आली, तिने पाहिलं आणि कपाळाला हात लावून खाली बसली. मी रडायच्याही पलीकडे गेले होते.

नूतन आली. वाटलं आता ही बोलेल, बोलायलाच हवं. तिने ते घरटं उचलून पाहिलं आणि हसत सुटली. हसता हसता डोळे पुसले. "आजी, तू याले आंघोळ घातली का?" म्हणे. एवढं नुकसान होऊन पोरगी हसते. हिला लग्नाचं गांभीर्यच नाही की काय?

पिंकीला फोन लावला. तिने एक क्रीम सांगितलं, ते टोकांना चोळून ठेवायचं, मग जाड दात्यांच्या कंगव्याने टोकापासून सुरुवात करायची आणि थोडं थोडं वर सरकायचं. पट्टीजवळ मुठीत घट्ट धरून ठेवायचं म्हणजे मुळाला ओढ बसत नाही. मी जन्मभर वरून खाली विंचरत आले. गाठ असेल तर जोरात.

१ एप्रिल

सुटले. पाच-सहा दिवस तेवढंच काम केलं, दारात बसून, टोकाकडून वर. थोडे तुटले. पण परत रेशीम झालं. पिंकीने सांगितल्याप्रमाणे दांडीवर उन्हात नाही टाकले, घरातच सावलीत टांगले, वाळल्यावर सैल वेणी घालून जुन्या रेशमी पदरात गुंडाळून ठेवले. जुनी चिकटपट्टी काढून पिंकी नवीन लावून देणार आहे.

गंमत अशी की विंचरता विंचरता त्या अनोळखी बाईशी मी बोलायला लागले. तुझं लेकरू बरं आहे ना, असं.

धुरपताबाईचा परत फोन. परत तेच, जेवल्या का. मग म्हणे, हळदीले तेल बेतानंच घ्या, जास्त नका काढू. एवढी शेती, आणि तेलाच्या वाटीत जीव. पण नात द्यायची आहे, मी हो म्हटलं.

२३ एप्रिल

डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आज पिंकीने केस लावले. मी शेजारी खुर्चीत बसून पाहिलं. पट्टीखाली पट्टी, पट्टीखाली पट्टी, कौलं शाकारतात तशी. मग तिने नूतनला वळवलं.

दिवाळीची नूतन समोर उभी. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चाई कुठे होती ते मलाही दाखवता येईना. धुरपताबाईने शंभर वेळा वेणी सोडली तरी हरकत नाही.

पिंकीने परत सगळं समजावलं. दोन दिवस पाणी लागू द्यायचं नाही. ओल्या केसांनी झोपायचं नाही. झोपताना सैल वेणी, उशीला रेशमी अभ्रा. आणि सगळ्यात मोठं, बोट नाचवून माझ्याचकडे बघत सांगितलं, "माँजी, जड़ में तेल नहीं लगाना. तेल लगा कि पट्टी छूटी." मी मान डोलावली. तेलाशिवाय केस म्हणजे पाण्याशिवाय धान, पण उसन्या केसांचे उसने कायदे.

घरी आल्यावर मी दोनदा भात घेतला, वरून वांग्याची भाजी. नूतन समोर बसून मी जेवताना बघत होती. इतकी खूश की जणू तीच जेवली.

२६ एप्रिल, सकाळ

आज हळद. उद्या लग्न, विहारात, पांढऱ्या साडीत. विहारातली मंडळी म्हणतात हळदीचं अवडंबर नको, पण बायकांची हळद अजून कोणाला बंद करता आली आहे का?

पहाटे उठून मी सगळ्यात आधी केसांच्या तेलाच्या बाटल्या गोळा केल्या, आवळ्याची, खोबरेलाची, आणि कपाटात घालून कुलूप लावलं. पाव्हण्यांतल्या कोणी मायेने लावायला नको. किल्ली कमरेला.

मग हळदीच्या तेलाची वाटी काढली. मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, घरचं, त्यात हळद. कोमट करून ठेवलं आहे. पहिलं तेल मी चढवणार, घरातली थोरली मीच. नूतन काहीतरी सांगायला आली होती, आजी, तेल जरा, असं. मी म्हटलं, अगं, कुलूप लावलं आहे, तू घोर करू नको.

नवेगावची मंडळी लोकेशची उष्टी हळद घेऊन निघाली आहेत.

२८ एप्रिल

लग्न झालं. घर रिकामं आहे. परवाचं आज लिहिते, कारण परवा हातात पेन धरायचं बळ नव्हतं.

मांडवात पाट मांडला, नूतन बसली. मागे उसने केस कमरेपर्यंत. बायका गात होत्या. धुरपताबाई आपल्या चार-पाच बायकांना घेऊन अगदी पुढे बसलेली. मी वाटीत तळवा बुडवला आणि नातीच्या डोक्यावर ठेवला, माथ्यापासून मागे, कानांवर, मानेवर, सगळीकडे, जसं माझ्या सासूने मला चढवलं, जसं मी शालीकरामच्या बायकोला चढवलं. केसांना तेल लावणं वेगळं आणि हळदीचं तेल चढवणं वेगळं, हे लहान पोरालाही कळतं. तेल मुरायला हवं म्हणून मी तळवा दाबून चांगला फिरवला.

आणि हाताबरोबर केस आले.

आधी एक पट्टी. पाण्यावरचं शेवाळ सरकावं तशी घसरली आणि माझ्या हळदीच्या तळव्यात लटकली, लांबच लांब. मग दुसरी, ती नूतनच्या कानाशी लोंबत राहिली. गाणं एकेका तोंडातून बंद पडत गेलं. चाई उघडी पडली, भर दुपारच्या उजेडात, पुरीएवढी, पांढरी, सगळ्या नवेगावसमोर.

हातातले केस टाकता येईनात, धरता येईनात. मी फक्त धुरपताबाईकडे बघत होते. ती उठली. आता वऱ्हाड परत जाणार, माझ्या हाताने गेलं, एवढंच डोक्यात. ती जवळ आली, माझ्या हातातली पट्टी घेतली, कानाशी लोंबणारी दुसरीही हळूच सोडवली आणि दोन्ही मांडवाच्या खांबाला टांगल्या, ओला टॉवेल टांगावा तशा.

म्हणाली, "मी फोनवर सांगतलं होतं ना आजी, तेल बेतानं घ्या म्हणून."

मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

"लोकेशनं फेब्रुवारीतच सांगतलं. पोरीनंच त्याले फोटो पाठवला."

मी नूतनकडे पाहिलं. ती मान वळवून माझ्याकडे बघत होती, चेहऱ्यावरून हळद ओघळत होती. मी म्हटलं, मग हे कायले लावलं? एवढा खटाटोप कोणासाठी?

"तू जेवत नव्हती ना, आजी," ती म्हणाली.

मागे सून डोळ्यांना पदर लावून उभी, शालीकराम मांडवाचा दोर उगीच घट्ट करत होता. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. सगळे माझ्या गळ्याची शपथ पाळत होते आणि मला सोडून सगळे एकमेकांशी बोलत होते. ती गच्चीवरची मैत्रीण, त्या सुती ओढण्या, ते जेवल्या का.

मी तिथेच पाटाशी बसले. हात तेलाने माखलेला, तसाच वर. धुरपताबाई माझ्या शेजारी बसली आणि हळू आवाजात, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं, म्हणाली, "तुमचं तेल अर्धं राह्यलं. लहानपनी हिची टाळू कोन भरत होतं?"

मी म्हटलं, मीच.

"मंग भरा आता."

फेब्रुवारीपासून मी त्या जागेला हात लावला नव्हता. बघितलंही नव्हतं. मला वाटलं होतं गार लागेल, मेल्यासारखी. कोमट होती. मऊ, आणि बोटाखाली काहीतरी ठुकठुक लागत होतं, तान्ह्या पोराच्या टाळूत लागतं तसं. माझंच बोट धडधडत असेल. मी वाटीतलं तेल थेंब थेंब सोडलं आणि बोटाने गोल गोल जिरवलं. नूतनने डोळे मिटले. लहानपणी टाळू भरली की अशीच झोपायची, मांडीवर.

मग बायकांनी पुढचं कडवं उचललं.

उरलेल्या पट्ट्या नूतनने आंघोळीच्या वेळी उरलेल्या तेलानेच सोडवल्या. विहारात ती पांढऱ्या साडीत, आपल्याच केसांनी उभी राहिली, कानावर हळदीचा पिवळा डाग. शेवटी मागच्या रांगेतली कोणीतरी कुजबुजलीच, नवरीच्या डोक्याले काय झालं म्हणून. धुरपताबाईने मान न वळवता उत्तर दिलं, "केस गेले, डोस्कं तं जागेवर आहे. काही जनीचं उलटं राहते."

१९ मे

नूतन चार दिवस राहून काल परत गेली. रोज दुपारी मांडीवर डोकं ठेवायची आणि मी टाळू भरायची. डॉक्टरांचं औषध रात्री, माझं तेल दुपारी, असा दोघांचा तह झाला आहे. चाईच्या कडेने लव आली आहे. पांढरी आहे, म्हातारीच्या केसांसारखी. मी घाबरले, तर म्हणाली, "आधी पांढरेच येतात म्हनते डाक्टर. तोवर तुह्यासारखी दिसन मी."

उसने केस स्वयंपाकघराच्या खिडकीशी सावलीत टांगले आहेत. तेल निघता निघत नव्हतं. आता सरळ खाली पाणी सोडून धुते, चोळत नाही. टोकाकडून वर विंचरते. लोकेशच्या बहिणीच्या साखरपुड्याला हौस म्हणून लावायचे आहेत, नूतनने बजावून ठेवलं आहे. परवा भांडीवाला फेरीवाला दारात आला, खिडकीत नजर गेली आणि म्हणाला, आजी, त्याच्यावर स्टीलचा डबा देतो, मोठा. मी त्याला पाणी पाजलं आणि वाटेला लावलं. ज्या बाईचे आहेत तिला मी शब्द दिला आहे की नीट ठेवीन.

आज बारा वाजता नवेगावहून फोन आला. धुरपताबाई. नूतन पोचली, आल्याआल्या बांधावरचे मासे मागत होती, असं सांगितलं. मग थोडी थांबली आणि विचारलं, "आजी, जेवल्या का?"

ताट समोरच होतं, रिकामं. म्हटलं, जेवले.